प्लग काढला तरी : टीव्ही, ॲम्प्लिफायर घरी उघडताना घ्यायची काळजी

शेजारच्यांचा ३२ इंची एलईडी टीव्ही रात्री सिरियल चालू असतानाच गेला. लाल दिवासुद्धा लागेना. त्यांनी प्लग काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही माझ्या टेबलावर आणून ठेवला. मागचं झाकण काढून मी सवयीनं आधी वीज साठवून ठेवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरवर मीटर लावला. २१० व्होल्ट.

"अहो, प्लग तर कालच काढलाय," ते म्हणाले.

काढला होता, हे खरंच. पण चालू टीव्हीचा प्लग काढला, की आतला सप्लाय, म्हणजे घरची वीज सेटला हवी तशी करून देणारं सर्किट, कंडेन्सरमधला उरलेला चार्ज काही सेकंदांत खाऊन टाकतो. सप्लायच मेला असेल आणि फ्यूज शाबूत असेल, तर तो चार्ज खाणार कोण? तो तिथेच बसून राहतो. म्हणून बंद पडलेला सेट हा चालू सेटपेक्षा जास्त जपून हाताळायचा असतो, आणि आपण घरी उघडतो ते नेमके बंद पडलेलेच सेट.

आधी, काय उघडायचं नाही ते

जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही माळ्यावर असेल तर तो शिकण्यासाठी उघडू नका. २१ इंची रंगीत ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्ट लागतात आणि ट्यूबची काच स्वतःच कंडेन्सरसारखी वागते. एकदा डिस्चार्ज केली तरी थोड्या वेळानं तिच्यात चार्ज पुन्हा डोकं वर काढतो. शिवाय आत निर्वात पोकळी. मागची बारीक मान कशावर आपटली तर काच आतल्या बाजूला फुटून तुकडे चहूकडे उडतात. प्लाझ्मा टीव्हीही सोडून द्या. त्याच्या पॅनलला दोनशेच्या आसपास व्होल्ट लागतात आणि त्यामागचे कंडेन्सर दांडगे असतात. मायक्रोवेव्ह आपल्या विषयात येत नाही, पण "एवढं टीव्हीचं जमलं, आता ओव्हन बघू" असं म्हणणारे भेटतात म्हणून सांगतो: नको.

एलईडी टीव्ही, ॲम्प्लिफायर, होम थिएटर, सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर एवढं धीरानं घरी करता येतं.

जागा आणि माणूस

फरशीवर बसून काम करू नका. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते आणि ओल्या फरशीवरचा अनवाणी पाय म्हणजे विजेला जमिनीत जायला आयती वाट. लाकडी टेबल घ्या, पायात कोरडी रबरी चप्पल घाला. खालीच बसायचं असेल तर पाटावर बसा, खाली रबरी चटई टाका. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र काढून बाजूला ठेवा. शॉकचा धोका तर आहेच, पण ॲम्प्लिफायरच्या कमी व्होल्टेजच्या सप्लायवर अंगठी आडवी आली तर ती क्षणात तापते आणि बोटाला चटका बसतो. डोळ्यांवर साधा चष्मा तरी हवा. उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर फटाक्यासारखा फुटतो. त्याच्या डोक्यावर फुलीसारख्या खाचा असतात त्या याचसाठी, म्हणून तो तपासताना तोंड बरोबर त्याच्या वर आणायचं नाही.

घरात दुसरं माणूस असू द्या आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला आधी दाखवून ठेवा. कुणी चिकटलं तर अंगाला हात न लावता आधी मेन बंद करायचा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं माणसाला बाजूला ढकलायचं. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोरानं दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा. हे सांगताना घरचे हसतील. हसू द्यात, पण एकदा म्हणून घ्या.

रात्री जेवणानंतर, डोळे मिटत असताना सेट उघडू नये. माझ्या सगळ्या चुका दहानंतरच्या आहेत.

पायरी पहिली : सगळ्या तारा काढा

खटका बंद करणं पुरेसं नाही. बऱ्याच घरांत वायरमननं खटका न्यूट्रलमध्ये टाकलेला असतो, त्यामुळे खटका बंद असला तरी सेटपर्यंत फेज आलेला असतो. लोडशेडिंगच्या भरवशावरही राहू नका, कारण इन्व्हर्टर तेच सॉकेट चालू ठेवतो. प्लग हातानं बाहेर ओढा आणि नजरेसमोर टेबलावर ठेवा, म्हणजे तुम्ही आत हात घातलेला असताना कुणी "कशाचा आहे हा?" म्हणत तो परत खोचणार नाही.

मग बाकीच्या तारा : केबलची वायर, डिशची वायर, एचडीएमआय, स्पीकर, सगळ्या. केबलची वायर लोक विसरतात. गल्लीतल्या केबलच्या बूस्टरला वीज बऱ्याचदा त्याच वायरीतून जाते. कुठे एखाद्या बूस्टरचं इन्सुलेशन गेलं असेल, तर वायरीच्या वरच्या जाळीतून ती तुमच्या सेटवर येते, तुमचा प्लग काढलेला असला तरी.

पायरी दुसरी : कंडेन्सर रिकामा करा

सगळा लेख घाईत वाचलात तरी हा भाग सावकाश वाचा.

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. ते डायोडमधून गेल्यावर कंडेन्सरवर त्यांच्या शिखराएवढे, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसतात. मोठ्या टीव्हीत पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं, तिथे हाच आकडा ३८० ते ४०० पर्यंत जातो. बोर्डावर ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेलं सगळ्यात मोठं नळकांडं दिसेल, तोच हा.

मेकॅनिक लोक पेचकस आडवा टाकून "फट्" करतात. तसं करू नका. ठिणगीनं बोर्डाचा ट्रॅक उडतो, पेचकसाचं टोक वितळतं, आणि दचकून मागे घेतलेला हात कशावर तरी जाऊन आपटतो. त्याऐवजी २.२ किलोओहम, १० वॅटचा पांढरा चौकोनी वायरवाउंड रेझिस्टन्स घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही रुपयांत मिळतो. त्याच्या दोन्ही पायांना जाड इन्सुलेशनच्या वायरी सोल्डर करा, जोडांवर स्लीव्ह चढवा आणि टोकांना मीटरच्या जुन्या प्रोब लावा. झालं तुमचं डिस्चार्जचं हत्यार. प्रोबची टोकं कंडेन्सरच्या दोन पायांवर मोजून पाच सेकंद धरा. १५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एवढ्या वेळात आरामात रिकामा होतो.

मग मीटर लावा आणि आकडा पाच व्होल्टच्या खाली आला आहे ना ते पाहा. हे बघणंच खरं महत्त्वाचं, कारण प्रोब नीट टेकली नव्हती हे मीटरच सांगतो. निऑनचा टेस्टर इथे कामाचा नाही. तो तुमच्या अंगातून जमिनीपर्यंत जाणाऱ्या एसीवर पेटतो. सुट्या पडलेल्या कंडेन्सरचा डीसी त्याला दिसत नाही. टेस्टर पेटला नाही म्हणून बोट लावणारे मी पाहिलेत.

ॲम्प्लिफायरची गोष्ट वेगळी. तिथे सप्लाय साधारण अधिक-उणे ३५ ते ७० व्होल्टचा असतो, पण कंडेन्सर १०,००० मायक्रोफॅरडचे. त्यांच्यावर हाच २.२ किलोओहमचा रेझिस्टन्स लावला तर रिकामं व्हायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. घाई असेल तर १०० ओहम, १० वॅटचा दुसरा रेझिस्टन्स तयार ठेवा, पण तो फक्त या कमी व्होल्टेजच्या कंडेन्सरसाठी. दोन कंडेन्सर असतात, दोन्ही वेगवेगळे रिकामे करा. व्हॉल्व्हवाला जुना ॲम्प्लिफायर असेल तर मात्र आत ३०० ते ४५० व्होल्ट आहेत असं धरून चाला.

पायरी तिसरी : चालू सेटवर मोजायचं असेल तर

जमेल तेवढं मोजमाप सेट बंद ठेवूनच करा. फ्यूज, डायोड, शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर मीटर ओहमवर लावून सापडतात. चालू करावाच लागला तर आधी सिरीज बल्ब लावा : साध्या तारेचा (एलईडी नव्हे) ६० किंवा १०० वॅटचा बल्ब, सेटच्या फेजच्या वाटेत मालिकेत जोडलेला. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद होतो. आत शॉर्ट असेल तर पूर्ण पेटून तसाच राहतो आणि नवा घातलेला पार्ट जळण्याआधी तुम्हाला कळतं. मोठ्या टीव्हीत तो लुकलुकला तर घाबरू नका. मात्र हा बल्ब सेटला वाचवतो, तुम्हाला नाही. हाताला शॉक बसायला लागतो त्या करंटवर हा बल्ब पेटतसुद्धा नाही.

सप्लाय बोर्ड नीट बघा. त्यावर रंगवलेली किंवा कापलेली एक रेघ बोर्डाचे दोन भाग करते. रेघेच्या एका बाजूला 'हॉट', म्हणजे थेट घरच्या विजेला जोडलेला भाग. दुसऱ्या बाजूला 'कोल्ड', जिथून मेन बोर्डाला १२ व्होल्ट वगैरे जातात. हॉट बाजूच्या ग्राउंडला हात लावणं म्हणजे वायरीलाच हात लावणं. हॉट भाग मोजताना मीटरची काळी प्रोब मोठ्या कंडेन्सरच्या उण्यावर आणि कोल्ड भाग मोजताना टीव्हीच्या पत्र्यावर, याची अदलाबदल नको. कोल्ड बाजूलाही सगळंच गार नसतं. बॅकलाइटच्या पट्ट्यांत एलईडी मालिकेत असतात, त्यामुळे काही सेटमध्ये तिथे शंभरच्या वर व्होल्ट जातात, आणि पट्टी तुटलेली असेल तर आणखी चढतात. जुन्या एलसीडी टीव्हीत बारीक ट्यूबलाइट असत, त्यांच्या इन्व्हर्टरपासून दूरच राहा. तिथे हजाराच्या घरात व्होल्ट असतात आणि त्या ट्यूबमध्ये पारा.

एक हात खिशात. जुने मेकॅनिक हे सांगतात ते उगाच नाही. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा करंट छातीतून जातो आणि दहा-पंधरा मिलिअँपिअरला बोटं आकडून वस्तू सुटत नाही. काळी प्रोब क्रोकोडाइल क्लिपनं आधीच अडकवा, मग लाल प्रोब एकाच हातानं धरा.

मीटरबद्दल एक माझी चूक. ॲम्पिअर मोजून झाल्यावर लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात तशीच राहिली आणि मी त्यानंच सॉकेटचे व्होल्ट बघायला गेलो. त्या भोकात मीटर म्हणजे नुसती तार. धडाम आवाज, प्रोबचं टोक काळं, घराचा एमसीबी पडलेला. तेव्हापासून मोजण्याआधी मी बोटानं लाल वायर कुठल्या भोकात आहे ते चाचपतो. पाहत नाही, चाचपतो.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळायला लागली की सप्लाय तोडणारा स्विच, असेल तर उत्तम, पण फेज आणि न्यूट्रल अशा दोन्हींत तुमचे दोन हात आले तर त्याला काहीच कळत नाही. सेटला घरच्या विजेपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरलात तर त्यापुढे आरसीसीबी पडणारच नाही. झिणझिण्या येतात म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणाऱ्यांना मात्र काय म्हणावं! अर्थिंग नसल्यामुळेच तर त्या येतात.

पार्ट बदलताना

फ्यूज होता तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच जातीचा घाला. टी लिहिलेला म्हणजे सावकाश उडणारा, एफ म्हणजे झटपट. सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी किंवा तारेचा तुकडा घातलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी बोर्ड जळेल. सर्किटच्या नकाशात ज्या पार्टजवळ त्रिकोणात उद्गारचिन्ह असतं तो सुरक्षेचा पार्ट, तो जशाचा तसाच हवा. हॉट आणि कोल्ड भागांमधला निळा, चपटा वाय जातीचा कंडेन्सर त्यातलाच. त्याच्या जागी "तेवढ्याच व्होल्टेजचा" साधा कंडेन्सर लावला आणि तो शॉर्ट झाला, तर टीव्हीच्या पत्र्यावर थेट फेज येतो.

डीव्हीडी किंवा सीडी प्लेअर उघडा चालवताना लेन्समध्ये डोकावू नका. डीव्हीडीचा किरण ६५० नॅनोमीटरचा, लाल दिसतो. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, जवळपास दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून डोळा मिटतही नाही. लेझर पेटतो का हे बघायला मोबाइलचा कॅमेरा धरा.

सोल्डरिंग झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. सोल्डरमध्ये बहुतेक वेळा शिसं असतं.

झाकण लावल्यावर

प्लग सॉकेटमध्ये न घालता त्याच्या फेज आणि न्यूट्रलच्या दोन्ही पिना तारेनं एकत्र बांधा. सेटला मागे स्विच असेल तर तो चालू ठेवा. आता मीटर मेगओहमवर लावून एक प्रोब त्या पिनांवर आणि दुसरी आळीपाळीनं अँटेनाच्या सॉकेटवर, एचडीएमआयच्या धातूवर, स्क्रूंवर टेकवा. आकडा एक मेगओहमच्या खाली आला तर सेट विजेला जोडायचा नाही, परत उघडायचा. बहुतेक वेळा एखादी वायर झाकणाखाली चेमटलेली निघते. आकडा ठीक आला की पिनांची तार आठवणीनं काढा, सेट सिरीज बल्बवर चालू करा, मग थेट लावा, आणि तासभर टेबलावरच चालू द्या. शेजाऱ्यांच्या टीव्हीला तेव्हा सप्लायचा एक आयसी आणि दोन छोटे कंडेन्सर लागले होते. तासभर चालवून मागे हात लावून पाहिला, जळका वास नव्हता, मगच त्यांना हाक मारली.