एकाच पक्षाच्या अमेरिकी राज्यात दुसऱ्या बाजूचे मतदार असाल तर

आयडाहोत डेमोक्रॅट किंवा कॅलिफोर्नियात रिपब्लिकन असाल, तर नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरच्या बऱ्याच जागांचा निकाल आधीच लागलेला असतो. तो लागतो प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत. तिथे मतदार थोडे फिरकतात, त्यामुळे तुमच्या एका मताला वजनही तिथेच जास्त.

म्हणून आधी आपल्या राज्याचा प्रायमरीचा नियम आणि त्याची मुदत बघून ठेवा. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी, म्हणजे मतदार नोंदणीतच आपला पक्ष लिहायची पद्धत, नसतेच. मार्चमध्ये केंद्रावर जायचं आणि कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागायची. मात्र एकदा ती मागून मत दिलं, की मेमधल्या रनऑफलाही (पहिल्या दोघांच्या फेरलढतीला) त्याच पक्षाला बांधलेले राहता. मॅसॅच्युसेट्समध्ये कुठल्याच पक्षात नाव नसलेला मतदार दोन्हींपैकी कोणतीही प्रायमरी निवडू शकतो. फ्लोरिडा आणि केंटकीत मात्र नोंदणी असेल त्याच पक्षाची प्रायमरी. केंटकीत मेमधल्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायचा तर आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंतच. वायोमिंगने २०२३ मध्ये कायदा करून उमेदवारी अर्ज सुरू झाल्यापासून प्रायमरीपर्यंत पक्षबदल बंद केला. बहुतेकांचं घोडं अडतं ते या तारखांवर. प्रचाराची पत्रकं घरी येऊ लागेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते.

बलाढ्य पक्षाच्या प्रायमरीत जाऊन मुद्दाम त्यांचा सगळ्यात वाईट उमेदवार पुढे करायचा, असा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. तो मानू नका. अशा राज्यात तो उमेदवार निवडूनही येतो, आणि मग चार वर्षं त्यालाच सोसायचं. ज्याच्याशी निदान बोलता येईल, त्याला मत द्या. जाण्याआधी दोन्ही पक्षांच्या नमुना मतपत्रिका समोरासमोर ठेवून बघा. तुमच्याच पक्षात काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) एखाद्या पदासाठी खरी चुरस असेल तर ते मत हातचं जातं.

कॅलिफोर्नियात २०१२ पासून प्रायमरीतले पहिले दोघे नोव्हेंबरला जातात, पक्ष कुठलाही असो. २०१८ च्या सिनेट लढतीत दोन्ही उमेदवार डेमोक्रॅटच होते. अशा वेळी चिडून ती जागा कोरी सोडू नका. एकाच पक्षाच्या दोघांत काट्याची लढत असली, की दुसऱ्या पक्षाच्या मतदारांवरच पारडं फिरू शकतं.

कोणाला काय दिसतं, हेही नीट माहीत हवं. तुमचं मत गुप्तच असतं. पण मतदान केलं की नाही याची नोंद असते, आणि पक्षनोंदणीच्या राज्यांत पक्षाचीही. राजकीय पक्षांना ती सहज मिळते. केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला २०० डॉलरच्या वर देणगी दिली, की नाव, व्यवसाय आणि मालकाचं नाव सरकारी संकेतस्थळावर झळकतं. अ‍ॅक्टब्लू (डेमोक्रॅट) किंवा विनरेड (रिपब्लिकन) या ऑनलाइन देणगी संस्थांमार्फत दिलेले पाच डॉलरसुद्धा तिथे दिसतात. शेजारी सहसा शोधत बसत नाहीत, पण नोकरी नाजूक असेल तर आधी विचार करा. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनादुरुस्ती सरकारला अडवते, खासगी मालकाला नाही. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात राजकीय कामाला संरक्षण आहे. अनेक राज्यांत ते नाही.

ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, एच-१बी वाल्यांना नाही. मत मात्र दोघांनाही नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीच्या चौकटीत चुकून खूण केली, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ती भोवते.

मतदान केंद्रावर काम करायचा मार्ग फारसा कोणाला सुचत नाही. अनेक राज्यांत केंद्रावर दोन्ही पक्षांचे लोक असावेत असा नियम आहे, आणि कमकुवत पक्षाची माणसं कायम कमी पडतात. काउंटीच्या निवडणूक कार्यालयात अर्ज द्या. प्रशिक्षण मिळतं, सहसा थोडं मानधनही.

राज्यात जनतेच्या याचिकेची, म्हणजे सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतदानाला घालायची सोय असेल, तर पक्ष बाजूला ठेवून विषयावर मत मागता येतं. आयडाहोसारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्यात २०१८ मध्ये मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा) विस्तार असाच मंजूर झाला. तिथे ३५ पैकी १८ मतदारसंघांतून प्रत्येकी ६ टक्के मतदारांच्या सह्या लागतात. २०२१ मध्ये विधिमंडळाने ही अट सगळ्या ३५ मतदारसंघांना लावली, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. सह्या बाद होतात त्या क्षुल्लक कारणांनी: पत्ता नोंदणीशी जुळत नाही, नाव वाचता येत नाही, किंवा सही करणारा मतदार यादीतच नाही. लागतात त्याहून निदान एक चतुर्थांश जास्त गोळा करा. सही घेतानाच विचारा, "गेल्या निवडणुकीनंतर घर बदललंत का?" टेक्सासमध्ये राज्य पातळीवर ही सोय नाही. तिथे विधिमंडळ समितीच्या सुनावणीला नाव नोंदवा. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा विधेयकाचा क्रमांक आणि कोणतं कलम बदलायचं एवढंच सांगा, बाकीचं लेखी द्या.