वरचं दूध सुरू झालं, अंगावरचं आटलं? दूध परत वाढवताना या चुका टाळा

अंगावरचं दूध कमी पडतंय असं वाटलं की घराचं सगळं लक्ष बाळंतिणीच्या ताटाकडे जातं. नागपूरच्या इतवारी बाजारातून डिंक येतो, अळीव येतात, शतावरीचा डबा येतो. बाळ दिवसभरात किती वेळा छातीला लागलं, दूध खरंच किती ओढलं, हे मात्र कोणी मोजत नाही. आणि दूध वाढतं ते त्यावरच.

न तपासताच ‘दूध कमी’ ठरवणं

दीड महिन्यानंतर छाती मऊ लागते, दाटत नाही. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं. पाजल्यावर पंप लावला तर जेमतेम ३० मिली निघतं. यातलं एकही दूध कमी असल्याचं लक्षण नाही. भरवशाची मोजमापं दोनच, शू आणि वजन. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान ६ वेळा चांगली, फिकट रंगाची शू व्हायला हवी. डायपरमध्ये ती मोजता येत नाही, म्हणून दोन-तीन दिवस सुती लंगोट बांधा. जन्माचं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघावं आणि पुढे पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढावं. वजन दर वेळी एकाच काट्यावर आणि कपडे काढून करा. झबलं आणि दुपटंच कितीतरी ग्रॅम भरतात.

बाळ सुस्त असेल, उठवूनही पीत नसेल, शू गडद किंवा फार कमी होत असेल, कावीळ वाढत असेल, तर घरी काही करून बघत बसू नका. नागपुरातली मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं किंवा तुमचे बालरोगतज्ज्ञ, जे जवळ असेल तिथे त्याच दिवशी जा.

वरचं दूध देणं, पण छाती रिकामी न करणं

सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथे. बाळ रडलं म्हणून रात्री ६० मिली पावडरचं दूध दिलं. बाळ तीन तास झोपलं. त्या तीन तासांत छातीत दूध साचलं, आणि साचून राहिलं की नवं दूध बनणं मंदावतं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी, मग आणखी वरचं. सासूबाई किंवा आई ‘जरा झोपू दे तिला’ म्हणून मायेनेच रात्रीची बाटली देतात, पण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) रात्रीच जास्त असतं. त्यामुळे नेमकं रात्रीचं पाजणं तुटलं की फटका मोठा बसतो.

म्हणून क्रम बदला. आधी दोन्ही बाजूंनी अंगावर पाजा, मग लागेल तेवढंच वरचं द्या. तेही वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला थोडं उभं धरून, सावकाश. जितक्या वेळा वरचं दिलं तितक्या वेळा १० ते १५ मिनिटं दूध काढा. निघालेलं दूध पुढच्या वेळी पावडरच्या आधी पाजा.

आणि वरचं दूध एका दिवसात बंद करू नका. समजा, दिवसाला ३०० मिली जातंय, ५०-५० मिली सहा वेळा. प्रत्येक वेळचे १० मिली कमी करा, म्हणजे २४० वर आलात. तीन-चार दिवस तिथेच थांबा, शू मोजा, वजन करा. रोजची वाढ २० ग्रॅमच्या वर टिकली तरच पुढची पायरी. ती घसरली तर आधीच्या मापावर परत या. हे सगळं डॉक्टरांना सांगून करा. पावडर पातळ करून ‘हळूहळू सोडवणं’ हा तर धोका आहे. डब्यावरचं माप कधीही बदलू नये. त्याने बाळाचं पोषण तुटतं आणि शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडतो.

तोंडात फक्त बोंडी देणं

पाजून झाल्यावर स्तनाग्राकडे नीट बघा. ते लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं झालं असेल तर बाळ नुसती बोंडी ओढतंय. मग दुखतंही आणि दूधही निघत नाही. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा आणि हनुवटी आधी टेकेल असं जवळ घ्या. खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसावा, खाली कमी. गिळण्याचा आवाज थांबला की स्तन हाताने हलकेच दाबून धरा, बाळ परत गिळू लागतं. तेही थांबलं की बाजू बदला, मग पुन्हा पहिली. घड्याळ लावून १० मिनिटांत सोडवू नका. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं व्हायला हवं, मध्यरात्रीनंतर निदान एकदा-दोनदा. चोखणी या दिवसांत दूरच ठेवा.

पंप जोरात लावणं

जोर वाढवला की दूध जास्त निघत नाही. दुखलं की पान्हाच अडतो. फनेल, म्हणजे पंपाचा छातीवर बसणारा भाग, मोठा असेल तर काळसर भाग आत ओढला जातो, लहान असेल तर बोंडी कडेला घासते. सोबत आलेलं माप सगळ्यांना बसतंच असं नाही. दिवसातून एकदा सलग तासभर असं करून बघा: २० मिनिटं पंप, १० विश्रांती, १० पंप, १० विश्रांती, १० पंप. दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून सोडू नका, आठवडाभर तरी द्या. पंप नसेल तर हात पुरतो. अंगठा वर, बोटं खाली, बोंडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडा. कातडीवरून घसटू नका.

नागपूरच्या उन्हाळ्यात बाळाला पाणी

पारा ४५ वर गेला तरी सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही, घुटीही नाही. अंगावरच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. चमचाभर पाण्याने पोट भरतं आणि तेवढं पाजणं कमी होतं. उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा पाजा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं, पण मे महिन्यात कूलर लावूनही आपल्या खोल्या तेवढ्या गार नसतात. काढल्याबरोबर फ्रिजमध्ये आत ठेवा, दारात नको. आईने तहान लागेल तेवढं पाणी प्यावं. बळजबरीने तांब्यावर तांब्या पिऊन दूध वाढत नाही.

अळीवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खा. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, नुसत्या वरणभातावर ते भागत नाही. पण खीर खाऊन छाती भरलेलीच ठेवली तर उपयोग नाही. मेथीच्या गोळ्या मधुमेह किंवा थायरॉईड असेल तर विचारूनच घ्या. दूध वाढवण्यासाठी दिलं जाणारं डॉमपेरिडोन औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणू नका, हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

नीट पाजूनही दूध वाढत नसेल तर कारण शोधायला हवं. थायरॉईड, रक्तक्षय, बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रिनची औषधं, बाळाची चिकटलेली जीभ. काही बायकांना सगळं करूनही पूर्ण दूध येत नाही. त्यात त्यांची काहीच चूक नसते, आणि जेवढं येतं तेवढं पाजत राहणं बाळाच्या कामी येतंच. डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची नोंद न्या: किती वेळा पाजलं, किती वेळा शू झाली, वरचं किती मिली गेलं.