वेसनॉथमध्ये बढती देताना: कॅप्टन की हिरो?

'बॅटल फॉर वेसनॉथ' हा पाळीपाळीनं फौजा लढवायचा कॉम्प्युटर गेम फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतो आणि नेट मागत नाही. खानापूर-जांबोटीकडं पावसात रेंज गेली की दुसरं काय खेळणार? एल्फ जमातीची एखादी सोपी मोहीम घ्या आणि सुरू करा.

भरती केलेल्या बहुतेक युनिटांना, म्हणजे फौजेतल्या गड्यांना, इंटेलिजंट, रेझिलियंट, क्विक, स्ट्राँग अशांपैकी दोन गुण मिळतात. ते गेमच ठरवतो, तिथं आपलं चालत नाही. कुणाला पुढं काढायचं ते मात्र आपण ठरवतो. इंटेलिजंटला बढतीसाठी, म्हणजे वरच्या लेव्हलला जायला, २० टक्के कमी अनुभव लागतो, म्हणून शेवटचा घाव त्याला घालू द्या. शत्रू मारला तर त्याच्या लेव्हलच्या आठपट अनुभव मिळतो, नुसतं लढलं तर लेव्हलएवढाच. रेझिलियंटचे हिटपॉइंट (जीव) जास्त, तो आघाडीला. क्विक गावं ताब्यात घ्यायला पळवा, पण त्याचे हिटपॉइंट ५ टक्के कमी असतात हे ध्यानात ठेवा. स्ट्राँगचा जोर फक्त हातघाईत. तो जादूगाराला मिळाला तर जवळजवळ वायाच.

आता खरी मेख. एल्विश फायटरची बढती आली की गेम विचारतो, कॅप्टन की हिरो? 'दादा, हिरोचा फटका मोठा आहे की!' असं म्हणत पोरं डोळे झाकून हिरो घेतात. आनंदवाडीच्या आखाड्यात जोड बघितल्याशिवाय कुस्ती लावत नाहीत, मग इथं नुसता आकडा बघून कसं चालेल?

कॅप्टनकडे लीडरशिप असते. शेजारच्या, त्याच्यापेक्षा खालच्या लेव्हलच्या युनिटांचं नुकसान लेव्हलच्या दर फरकामागे २५ टक्क्यांनी वाढतं. फौजेत लेव्हल १ ची पोरं जास्त असतील तर पहिली बढती कॅप्टनचीच, यावर मी वाद घालत नाही. पण बरोबरीच्या लेव्हलला या गुणाचा काडीचा उपयोग नाही. सगळे लेव्हल २ झाल्यावर केलेला तिसरा कॅप्टन म्हणजे नुसती शोभा. तिथं हिरो घ्या.

शामन या बरं करणाऱ्या एल्फ युनिटची बढती ड्रुइड की सॉर्सरेस, याचं उत्तर एकच: पहिली ड्रुइड. ती शेजारच्या जखमींचे दर पाळीला आठ हिटपॉइंट भरते आणि विषही उतरवते. सॉर्सरेस दुसऱ्या शामनची करा.

बढती मिळताच युनिट पूर्ण बरं होतं. 'जखमी आहे, मागं घे' हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. आधी अनुभवाची पट्टी बघा. एका घावावर बढती असेल तर त्या जखमी गड्यालाच मारू द्या. घाव चुकायची शक्यता असतेच, म्हणून कमजोर शत्रू निवडा.

प्रत्येक युनिटचा दर पाळीचा सोन्याचा खर्च त्याच्या लेव्हलएवढा, आणि एक गाव एक लेव्हल पोसतं. गावं कमी असतील तर लेव्हल ३ ची गर्दी तिजोरी खाते. लॉयल गुणाच्या युनिटांना हा खर्च नाही. पुढच्या लढाईत जुनं युनिट परत बोलावायला सहसा २० सोनं पडतं. लेव्हल १ ला २० आणि लेव्हल ३ लाही २०च, तेव्हा लेव्हल १ चा गडी परत बोलावण्यापेक्षा नवा फायटर भरती करा, स्वस्त पडतो.