जुना व्हिक्टोरियन पब दुरुस्त करताय? या चुका टाळा

लंडन, लिव्हरपूल, बेलफास्टमधल्या जुन्या पबांचं धुराने आणि बिअरने झालं नसेल एवढं नुकसान उत्साही दुरुस्तीने झालंय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे महोगनीला कॉस्टिक, म्हणजे जुना थर उतरवणारा तीव्र क्षार, लावणं. बारमागचं कोरीव काम काळवंडलेलं दिसलं की घाईतली मंडळी लगेच डबा उघडतात. तो काळपटपणा बहुतेकदा लाकडाचा नसतो. निकोटीन, मेण आणि जुन्या पॉलिशचा थर असतो. कॉस्टिकने मात्र लाकूड खरोखरच काळं पडतं, सरसाने चिकटवलेलं व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) सुटतं आणि खाचांत राहिलेला क्षार नवं पॉलिश धरू देत नाही. आधी नजरेआडच्या कोपऱ्यात व्हाइट स्पिरिटचा बोळा फिरवा, मेण आणि धूर निघतो. मग मिथिलेटेड स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं, तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. मग खरवडायचं कशाला? लिटरभर मिथिलेटेड स्पिरिटात 250 ग्रॅम चपडा विरघळवा, गाळून घ्या आणि कापडी बोळ्याने पातळ हात द्या. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. काउंटरच्या माथ्यावर मात्र हे चालत नाही, सांडलेली व्हिस्की चपडा विरघळवते.

दुसरी खोड म्हणजे पार्टिशनं काढून जागा ‘मोकळी’ करणं. लंडनच्या हॉलबर्नमधल्या प्रिन्सेस लुईस या पबचं बघा. इमारत 1872 ची, आतली सजावट 1891 ची. मधल्या काळात पार्टिशनं गेली, आणि 2007-08 मध्ये ती पुन्हा उभी करावी लागली. अशा कामात अंदाजाने सुतारकाम सुरू करू नका. काउंटरच्या पॅनेलवरची बुजवलेली स्क्रूची भोकं, जमिनीवरची झीज, छताच्या कॉर्निसमधला तुटका जोड, हे सगळं आधी मोजा आणि फोटो काढा. जमीन घासून गुळगुळीत केली की निम्मा पुरावा गेला.

भिंतीवरच्या लिन्क्रस्टावर, म्हणजे उठावाच्या नक्षीच्या जाड वॉलपेपरवर, हीट गन नको. 1877 पासूनचा हा माल जवसाच्या तेलाचा, रंगाआधी नक्षीच मऊ पडते. वरचा जुना रंग शिशाचा असू शकतो, म्हणून कोरडं घासणंही बंद.

टाइल्सना हायड्रोफ्लोरिक आम्लाचा विटा धुण्याचा क्लीनर लावलात तर ग्लेझची चमक कायमची जाते. सुटलेली टाइल कडक सिमेंटने बसवू नका. ओल अडते, क्षार फुलतात आणि ग्लेझचे टवके उडतात. चुन्यात बसवा.

पितळ आरशासारखं चमकवायचा अट्टहास सोडा.

आणि इमारत संरक्षित यादीत असेल, तर ‘आतलंच तर काम आहे’ ही सबब चालत नाही. इंग्लंडमध्ये तिच्या स्वरूपाला धक्का लावणारा बदल विनापरवानगी केला, तर तो गुन्हा आहे, आतला असला तरी.