मोठा ऑइल कूलर घेण्याआधी दिवा लावून बघा

घरी बांधलेल्या विमानात लायकॉमिंग ओ-३६० सारखं इंजिन, आणि चढताना तेलाचं तापमान २३० फॅरनहाइटच्या पुढे (कमाल मर्यादा २४५). अशा वेळी बहुतेकजण थेट मोठा कूलर मागवतात. त्याआधी एवढं करा:

१. तेलाच्या तापमानाचा सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरा. समुद्रसपाटीला २१२ दिसायला हवं, उंचावरच्या गावी थोडं कमी. कधीकधी दुखणं काट्याचंच असतं.

२. काटा बरोबर असेल, तर रात्री काउलिंग (इंजिनावरचं झाकण) लावून इंजिनाखाली एलईडी दिवा ठेवा आणि पुढच्या हवेच्या तोंडांतून आत डोकावा. सिलिंडरच्या पंखांमधून (थंड होण्यासाठीच्या पातळ पात्यांमधून) येणारा उजेड चालतो. कडेकोपऱ्यांतून किंवा कूलरच्या चौकटीभोवती दिसला, तर तिथून हवा काहीच थंड न करता निसटतेय.

३. इंजिनाभोवती हवा वळवणाऱ्या पत्र्यांतल्या फटी जास्त तापमान सोसणाऱ्या लाल सिलिकॉनने बुजवा. या पत्र्यांच्या कडेची, काउलिंगला टेकणारी रबरी पट्टी मात्र चिकटवू नका, ती फक्त पुढे झुकलेली हवी. मागे दुमडली की हवेचा दाबच तिला उघडतो.

सेन्सर परत बसवताना नवीन वॉशर आणि सेफ्टी वायर (सेन्सर सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) लावा, आणि जमिनीवर इंजिन चालवून गळती तपासल्याशिवाय उडू नका.