हँक ॲरनकडून चिकाटी कशी शिकायची

हँक ॲरन म्हणजे अमेरिकेतला बेसबॉल खेळाडू. बेसबॉल कधी बघितला नसेल तरी चालेल, होम रन म्हणजे बॉल कुंपणाच्या पलीकडे एवढं कळलं की पुरे. चिकाटीवर सगळे बोलतात पण उद्या सकाळी उठून नक्की करायचं काय ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी वही घ्या आणि ॲरनचा हिशोब मांडा. 23 सीझन, 755 होम रन, म्हणजे सीझनला साधारण 33. आणि गंमत म्हणजे पठ्ठ्याने एकाही सीझनला 50 मारले नाहीत, सगळ्यात जास्त 47, ते पण 1971 ला, वय 37 असताना! तरी आधीचा गोरा स्टार बेब रूथ, त्याचा 714 होम रनचा रेकॉर्ड मोडला तो यानेच, कारण 15 सीझन 30 किंवा जास्त. आता तुमच्या कामाचा आकडा ठरवा, पण वाईट वर्षात सुद्धा जमेल असा, जोशात लिहिलेला नको (माझी वही दरवेळी मार्चमध्येच बेपत्ता व्हायची ती यामुळेच). पहिल्या वर्षी, 1954 ला, त्याचे फक्त 13 झाले आणि सप्टेंबरमध्ये घोटा मोडून सीझन संपला, तो 13 पण वहीत लिहायचाच. शेजारी दुसरा कॉलम करा किरकोळ कामांचा. त्याच्या 3771 हिटमधून (हिट म्हणजे बॉल मारून निदान पहिल्या टप्प्यावर सुखरूप पोचणं) सगळे होम रन काढून टाका, तरी 3016 उरतात.

मग चुकीची सवय शोधा. अलाबामातल्या मोबाईल गावात गरिबीत वाढलेला पोरगा, काठीने बाटल्यांची बुचं मारत शिकला, शिकवायला कोणी नाही, त्यामुळे उजव्या हाताने खेळणारा असून बॅट धरताना डावा हात वर. तसाच खेळत 1952 ला इंडियानापोलिस क्लाउन्स या काळ्या खेळाडूंच्या टीमपर्यंत पोचला आणि पकड सुधारली ती नंतर. म्हणजे पकड बरोबर होईपर्यंत थांबू नका, पण जमतंय म्हणून चूक तशीच पण ठेवू नका.

लक्ष लागत नसेल तर त्याची टोपीची युक्ती करा. डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या टीमच्या बाकावर बसून तो टोपी तोंडासमोर धरायचा आणि तिच्या हवेच्या बारीक भोकातून बघायचा, म्हणजे फक्त पिचर (बॉल टाकणारा) दिसणार, बाकी काही नाही. आपण रोज एक तास असं भोक करायचं, फोन दुसऱ्या खोलीत, समोर एकच काम.

आता अवघड भाग. 1953 ला जॅक्सनव्हिलच्या टीमकडून खेळताना तो त्या लीगमधल्या पहिल्या काळ्या खेळाडूंपैकी होता, टीममधल्या गोऱ्यांच्या हॉटेलात राहायची सोय नाही, वरून स्टँडमधून शिव्या, आणि तरी बॅटिंग ॲव्हरेज .362, म्हणजे हजार वेळा बॅटिंगला 362 हिट. वीस वर्षांनी तो 713 वर अडकला आणि सीझन संपला, सगळा हिवाळा नुसती वाट बघणं, त्या काळात 9 लाखांवर पत्रं आली त्यात जिवे मारायच्या धमक्या पण, का तर गोऱ्याचा रेकॉर्ड काळा माणूस मोडतोय. त्याने काय केलं ते बघा: सुरक्षा बॉडीगार्डवर सोपवली, खेळत राहिला, आणि ती घाणेरडी पत्रं फेकली नाहीत, जपून ठेवली. तुम्ही पण पुरावा ठेवा, खरा धोका असेल तर दुसऱ्याची मदत घ्या. आणि चिकाटी म्हणजे मुकाट्याने सोसणं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, काळ्या लोकांना बेसबॉलमध्ये मॅनेजरच्या जागा का मिळत नाहीत हे ॲरन उघड विचारायचा.

4 एप्रिल 1974, सिनसिनाटी, सीझनमधला पहिलाच स्विंग आणि 714. 8 एप्रिलला अटलांटात पिचर अल डाउनिंगच्या बॉलवर 715. त्यानंतर पण तो 1976 पर्यंत खेळला आणि अजून 40 मारले, तेव्हा वहीत टार्गेटच्या पुढे पण थोडी पानं कोरी सोडा.