आधी पडायला शिका, मग ठोसा मारायला

बॉक्सिंग आणि ज्युदो दोन्ही शिकायचंय असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारते, पडता येतं का? येत नसेल तर पहिले दोन-तीन महिने फक्त ज्युदो करा. मी एकोणतिसाव्या वर्षी दोन्ही एकदमच सुरू केलं. चौथ्या आठवड्यात एका साध्या ओसोतो-गारीवर (पाय मागून झाडून पाठीवर पाडणारी ज्युदोची फेक) मागे जाताना उजवा हात मॅटवर टेकवला आणि मनगट मुरगळलं. सहा आठवडे ना ज्युदोच्या जॅकेटची कॉलर धरता आली, ना ग्लोव्ह घालता आला.

पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. उकिडवं बसा, हात छातीसमोर आणा, हनुवटी छातीला लावा, नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर. पाठ गोल करून मागे जा. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, खांद्यापासून तळव्यापर्यंत अख्खे, मॅटवर आपटा. हात अंगापासून साधारण ३०-४० अंशांवर असावेत. खांद्यांच्या रेषेत गेले तर खांदा दुखावतो, अंगाला चिकटले तर त्यांच्यावरच पडाल. श्वास सोडत पडा. हनुवटी सुटली की डोकं मागे आपटतं, आणि स्वतःची हनुवटी सुटलेली स्वतःला कळत नाही. जोडीदाराला तेवढंच बघायला सांगा. मागे २०, डावीकडे २०, उजवीकडे २०, दर सरावाच्या सुरुवातीला. बसून जमलं की उभ्याने. खाली ठेवलेल्या हनुवटीची हीच सवय रिंगमध्येही लागते.

दोन्ही खेळ सुरू झाले की खरी अडचण पायांची येते. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो. उजव्या बाजूने ज्युदो खेळणाऱ्याचा उजवा हात कॉलरवर, डावा बाहीवर आणि उजवा पाय पुढे असतो. म्हणजे सोमवारी जे पायांना शिकवलं तेच मंगळवारी मोडायचं. स्पॅरिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत, माझा उजवा पाय नकळत पुढे सरकायचा आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) एक वीत आधीच संपायचा. शेवटी मी ज्युदो डाव्या बाजूने शिकायचं ठरवलं. सरांना आधी पटलं नाही, पण आता दोन्हीकडे माझा डावाच पाय पुढे असतो आणि बाही ओढायला ताकदीचा उजवा हात मिळतो. तोटाही आहे. समोर उजव्या बाजूचा खेळाडू आला की दोघांचे पुढचे पाय एकमेकांना आडवे येतात आणि बाही मिळवायला झगडावं लागतं. तुम्हाला उजवी बाजूच सोपी वाटत असेल तर तीच ठेवा, फक्त दोन्ही सराव एका दिवशी घेऊ नका.

चालणं मात्र दोन्हीकडे सारखं आहे. पाय एकमेकांना ओलांडायचे नाहीत. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागचा त्याच्या मागोमाग तेवढाच. जमिनीवर खडूने रेघ ओढा, एक पाय तिच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला, आणि पुढे-मागे जा. पाय रेघेवर आला की दोन पायांतलं अंतर कमी झालं, तेव्हा हलका धक्काही पाडतो. मी अजूनही रोज पाच मिनिटं हे करते.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची सुरुवात केली. त्यात फेकीचे तीन टप्पे शिकवतात: तोल बिघडवणं म्हणजे कुझुशी, जागा घेणं म्हणजे त्सुकुरी आणि फेकणं म्हणजे काके. नवखे थेट तिसऱ्यावर उडी मारतात. समोरच्याचं वजन टाचांवर गेलंय की चवड्यांवर, हे आधी ओळखायला शिका. मला ते मॅटवर दिसायला लागलं आणि मग जॅब बसल्यावर समोरची टाचांवर जाते तेही दिसलं. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, तेव्हाच सोडायचा.

रान्दोरीनंतर (ज्युदोतली जोडीदाराबरोबरची मोकळी सरावाची लढत) त्याच दिवशी जड बॅग मारू नका. कॉलर धरून धरून कोपरापुढचा हात आखडलेला असतो, मूठ घट्ट वळत नाही आणि हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारताना मनगट दुमडतं. त्या दिवशी शॅडो बॉक्सिंग, म्हणजे नुसते हवेत ठोसे, पुरे. ग्लोव्हच्या आत हातावर बांधायला साडेचार मीटरची पट्टी घ्या, गुंडाळताना बोटं फाकवून ठेवा, मनगटाला निदान तीन वेढे द्या.

माझा आठवडा असा: सोमवारी आणि गुरुवारी ज्युदो, मंगळवारी आणि शनिवारी बॉक्सिंग, बुधवारी दोरीच्या उड्या, बाकी विश्रांती. बॉक्सिंगचा सराव तीन मिनिटांचा राउंड आणि एक मिनिट विश्रांती असा घड्याळ लावूनच करा.

स्पॅरिंगला १६ औंसाचे ग्लोव्ह्ज आणि माउथगार्ड हवाच. किती जोर लावायचा ते आधी बोलून घ्या. हेडगार्डने कापणं-फुटणं कमी होतं, पण मेंदूला बसणारा हादरा तो थांबवेल असं समजू नका. ठोशानंतर डोकं दुखलं, मळमळलं किंवा अंधुक दिसलं तर त्याच क्षणी थांबा, डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत रिंगमध्ये जाऊ नका. तोवर ज्युदोही बंद ठेवा, कारण नीट पडलात, डोकं टेकलं नाही, तरी मानेला झटका बसतोच.